नात ‘खरेदी’ शिकते म्हणून

गटातल्या मंडळींनो, दुपारपासून जीव थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितोय.

माझी नात कलबुर्गीला विद्यापीठात खरेदी आणि पुरवठा व्यवस्थापन शिकते. ते काय असतं, हे मलाही नीट सांगता येत नाही. आमचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, शाळेत कानडी मास्तर आले आणि माझं शिक्षण चौथीतच थांबलं.

आज चिंताकीहून ओळखीतली सुभद्राक्का जीपने कमलनगरला आमच्या घरी आली. तिच्या दिराने फसवून अंगठा घेतला आणि तिच्या शेताची खरेदी दुसऱ्याच्या नावावर करून दिली.

“अण्णा, तुमची नात खरेदीचं शिकायलीय म्हणं. माझी खरेदी मोडून दे म्हणावं तिला.”

“अक्का, ती खरेदी न्हाई. कारखान्याला माल कुठून घ्यायचा, कधी मागवायचा, ते शिकायलीय ती.”

“बाजार करायला विद्यापीठात कामून जायाचं? मदत करायची नसंल तर तसं बोला.”

शेवटी मी नातीला फोन लावून अक्काच्या हातात दिला. नात म्हणाली, “आज्जी, जमिनीच्या खरेदीतलं मला काहीच कळत न्हाई गं.”

अक्काने शांतपणे फोन परत दिला. “अजून तिथवर शिकवलं नसंल. परीक्षा झाल्यावर येते मी.”

ती समाधानाने जीपमध्ये बसून गेली.

तुमच्यापैकी कुणाला अशा कामातला भला वकील ठाऊक आहे का? लवकर सांगा. परीक्षा पुढच्याच महिन्यात आहे.