प्राणीगृहातला डबा

"जेवना का?"

आबांचा हा प्रश्न सकाळी साडेआठला सुरू व्हायचा आणि आधी पांढऱ्या उंदरांना विचारला जायचा. प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबायचं, खाद्याच्या जाळीत बोट घालून बघायचं, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायची आणि पुढे सरकायचं. उंदीर आटोपले की माणसांची पाळी. मग प्राचार्य असोत की पाणी भरणारी बाई, सुटका कोणाचीच नाही.

मी लग्न होऊन कोल्हापूरहून शहाद्याला आले आणि पीएचडी इथल्याच कॉलेजात धरली. तिथलं प्राणीगृह आबा सांभाळायचे. कळसाडीहून सायकलने यायचे, हँडलला पितळी डबा. त्यात दादरची, म्हणजे इकडच्या पांढऱ्याशुभ्र रब्बी ज्वारीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पहिल्याच दिवशी मलाही "जेवनी का?" झालं. हा माणूस माझ्या स्वयंपाकाची चौकशी का करतोय, ते मला कळेना; इकडच्या अहिराणीत ते नुसतं 'जेवलीस का?' होतं. महिन्याभरात मी न विचारताच सांगू लागले.

उंदीर कसा धरायचा हे मला माझ्या मार्गदर्शक सरांनी पुस्तकातून शिकवलं आणि आबांनी हाताने. सरांच्या पद्धतीने दोनदा चावा बसला. आबा आधी उंदराला नुसता हात हुंगू द्यायचे. घाई करायची नाही, त्याला आपली ओळख पटली पाहिजे, म्हणायचे. असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या जागी असेल. पगारपत्रकात तळाला, आणि तो रजेवर गेला की सगळ्यांचे हात लुळे.

माझा विषय होता उपाशी पोट. पोट रिकामं राहिलं की यकृतातल्या पेशी साठवलेली साखर कशी मोडतात, कोणती विकरं आधी कामाला लागतात, हे बघायचं. त्यासाठी आठ उंदीर खाऊनपिऊन ठेवायचे आणि आठ आदल्या संध्याकाळपासून उपाशी. सकाळी दहाला सगळ्यांना भूल द्यायची आणि यकृत काढून घ्यायचं. भूल दिलेला उंदीर परत पिंजऱ्यात जात नाही, हे वेगळं सांगायला नको.

पण माझ्या उपाशी उंदरांच्या यकृतात भरपूर साखर निघायची. पहिल्यांदा निघाली, दुसऱ्यांदाही तेच. सर म्हणाले, तुझा हात कच्चा आहे, आणखी एकदा कर, नाही जमलं तर विषय बदलू. दोन वर्षं पाण्यात जायची वेळ आली होती. मी घरी जाऊन रडले आणि सासूबाईंना कांद्याचं कारण सांगितलं.

तिसऱ्या वेळी माझी कात्री घसरली आणि एका उपाशी उंदराचं जठर कापलं गेलं. आत पांढरा लगदा. त्यात मिरचीचं एक बी.

प्राणीगृहात डबा आणणारा माणूस एकच होता. मी तशीच हातमोजे घालून आबांसमोर उभी राहिले. त्यांनी नाकबूल केलं नाही. संध्याकाळी निघताना एकेक तुकडा आणि सकाळी मी यायच्या आधी एकेक तुकडा, पहिल्यापासून देत होते.

"घरमाईन कोनले उपाशी धाडतस का, बेटा?" ते म्हणाले. घरातून निघालेल्याला कोणी उपाशी पाठवतं का, असं.

मला संताप आला होता, तो मी पुरता काढला. तुमच्या भाकरीमुळे हे सगळे उंदीर फुकट गेले, आता परत तेवढेच लागणार, असं म्हणाले. आबा स्टुलावर बसले. बराच वेळ डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवत राहिले.

"मन्ही भाकरनापायी इतला जीव गयात?"

मला माझ्या बोलण्याची लाज वाटली, पण बोलणं खरं होतं.

चौथ्या वेळी संध्याकाळी त्यांनी खाद्याच्या पेटीला कुलूप घातलं आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. बाकीच्या पिंजऱ्यांना नेहमीचा प्रश्न विचारला. त्या आठ पिंजऱ्यांपुढून मात्र खाली मान घालून गेले. सकाळी सायकलला डबा नव्हता. मी पोहे पुढे केले, त्यांनी नको म्हटलं. आदल्या दुपारपासून ते जेवलेच नव्हते, हे मला पाणी भरणाऱ्या बाईने सांगितलं.

दुपारी तीनला आकडे आले. उपाशी उंदरांच्या यकृतात साखर जवळजवळ नाहीच. मी धावत खाली गेले.

"आते आखो लागतीन का?" त्यांनी एवढंच विचारलं. म्हणजे अजून उंदीर लागतील का.

नाही म्हटल्यावर त्यांनी माझे गार पोहे मागून घेतले आणि चाटूनपुसून खाल्ले.

प्रबंधात मी त्यांचे आभार मानले. पान दाखवलं तर म्हणाले, उंदरांचं नाव कुठे आहे? नव्हतंच. पुढच्या प्रतीत घातलं. सर हसले, पण त्यांनी खोडलं नाही.

आता त्याच कॉलेजात मी शिकवते. गेल्या थंडीत आबा गेले. निरोप मिळाला तेव्हा मी प्राणीगृहातच होते, तशीच कळसाडीला निघाले. मला त्यांची फार आठवण येते, तेव्हाही फार आली. ओट्यावर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि तोंडून आबांचीच भाषा निघाली.

"आबा जेवनात ना?"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि माझा हात धरला.

"जेवनात, बेटा. भाकर नि दूध. मंग गयात."