झेंड्यावरची पक्की टीप

माझी थोरली जाऊ शिवणकाम करते. निवडणूक आली की तिच्या मशीनला उसंत नसते, सगळ्या पक्षांचे झेंडे तिच्याकडेच. चिन्हाचा तुकडा मात्र ती झेंड्यावर नेहमी कच्च्या टिपेनेच लावते. "यांचं काय सांगावं, आज इकडे, उद्या तिकडे. उसवायला सोपं," असं म्हणत दाताने दोरा तोडते. इतक्या वर्षांत हा नियम तिने एकदाच मोडला.

तिच्या लेकीचं पहिलं बाळ रस्त्यातच गेलं. आमच्या गल्लीच्या टोकाला प्रसूतिगृहाची चांगली इमारत आहे, पण कुलूपबंद. इमारत नगरपालिकेची, डॉक्टर राज्याचे, पैसा केंद्राचा. विचारायला जावं तर जो तो दुसऱ्याच्या दारात पाठवतो. पोरीला कळा सुरू झाल्या आणि नदीपलीकडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढच्या निवडणुकीत एक उमेदवार जावेच्या घरात येऊन बसला. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, निवडून आलो की पहिलं काम ते कुलूप काढायचं. जावेने त्याचे झेंडे दुहेरी पक्क्या टिपेने शिवले. मी हसले तर म्हणाली, "त्याने पोरीच्या डोक्यावर हात ठेवलाय. कच्ची टीप कशी घालू?"

तो निवडून आला. त्याच्या पक्षाचं सरकारही आलं, अगदी काठावरच्या बहुमताने. खोटं कशाला बोलू, त्याने काम मंजूर करून आणलं. कुलूप निघालं, खाटा आल्या, नर्सबाई नेमल्या गेल्या, उद्घाटन तेवढं राहिलं. लेकीला पुन्हा दिवस गेले होते. जाऊ खिडकीच्या काचेला नाक लावून खाटा बघून आली आणि देवापुढे साखर ठेवली.

मग एके सकाळी कळलं, हा गडी आणखी काही आमदारांना घेऊन राजीनामा देऊन पलीकडे गेला. सरकार कोसळलं. नव्या सरकारने आल्या आल्या जुन्यांच्या सगळ्या मंजूर कामांना स्थगिती दिली. नर्सबाईंची नेमणूक रद्द, दाराला परत कुलूप. आमच्याच मतांवर गेला आणि आमचंच दार बंद करून आला.

पोटनिवडणूक लागली. लाज असती तर दुसऱ्या गल्लीने गेला असता. हा जुन्या झेंड्यांचे गठ्ठे घेऊन जावेकडेच आला. कापड चांगलं आहे ताई, म्हणाला, नुसतं चिन्ह उसवून नवं लावायचं, उद्या प्रचारफेरी आहे. आतल्या खोलीत लेक आठव्या महिन्याचं पोट घेऊन पडली होती.

"उसवणार नाही, साहेब," जाऊ म्हणाली. "टीप पक्की आहे."

"अहो, मग नवे शिवा."

"आणि कुलूप?"

तो म्हणाला, ते आता वरच्या पातळीवरचं आहे.

"वर तुम्हालाच तर पाठवलं होतं."

गठ्ठे तिथेच टाकून तो उठून गेला. दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही दोघी जावांनी ते झेंडे प्रसूतिगृहाच्या फाटकाला बांधले. गाठी मी मारल्या, पण नवसाची गाठ मारताना घेतात तसं देवाचं नाव घेतलं नाही. फेरी वळणावर आली आणि त्याच्या गळ्यात नव्या पक्षाचं उपरणं, समोर जुन्याचं चिन्ह. त्याची माणसं धावली, ओरबाडू लागली. कापड टरकलं, चिन्ह काही निघालं नाही. बायका खिडक्यांतून बघत होत्या, तोंडाला पदर लावून.

तरी तो निवडून आला. आता मंत्री आहे.

लेकीला जावेने नदीपलीकडे मावशीकडे नेऊन ठेवलंय, दवाखान्याच्या जवळ. स्वतःही तिकडेच आहे, मशीनवर चादर टाकून. मी रोज देवापुढे बसते. कुणाचं वाईट मागू नये असं आईने शिकवलं, म्हणून मागत नाही. पण त्याचं भलं कर म्हणायला माझं तोंड उघडत नाही. पोर सुखरूप सुटू दे, एवढंच म्हणते, आणि उठताना खिडकीतून ते फाटक दिसतं. फाटके झेंडे अजून तिथेच लटकतायत, कुलपाच्या दोन्ही बाजूंना.