पंगतीतलं सागरी सहकार्य

"गायधनी, टेबलं कुठायत?" साहेबांनी दात आवळून विचारलं.

पंचवटीतल्या मंगल कार्यालयात तीन देशांचे नौदल अधिकारी बूट काढून उभे होते. समोर पाट, केळीची पानं आणि रांगोळी. मी राउंड टेबलं सांगितली होती. आचारी बापूकाकांनी ती परस्पर रद्द केली. "पाहुण्यांना टेबलावर वाढायचं? लोक काय म्हणतील, साहेब?"

परिषद शेजारी देशांच्या सागरी सहकार्याची. ती नाशिकला का, तर इथे समुद्रच नाही, म्हणून समुद्रावरून भांडणही होणार नाही, असं परिषद भरवणाऱ्या आमच्या जुन्या साहेबांचं लॉजिक. मी नौदलातून निवृत्त होऊन इंदिरानगरात राहतो, त्यामुळे व्यवस्था माझ्या गळ्यात पडली.

पाहुण्या देशांची नावं सांगत नाही, पेन्शन चालू राहायला हवी. एकाला बेटवाले म्हणू, दुसऱ्याला खाडीवाले. दोघांच्या समुद्री हद्दी एकमेकींना लागून, आणि त्यावरून कायम कुरकुर. म्हणून साहेबांनी सीटिंग प्लॅन जातीने आखला होता: दोघांच्या मध्ये कायम आपली माणसं. पंगतीत तो कोलमडला. दोन्हीकडचे कॅप्टन मांडीला मांडी लावून बसले, रुसलेल्या विहिणींसारखी तोंडं फिरवून.

वरणभातावर तूप पडलं आणि बेटवाल्या कॅप्टनचा फोन वाजला. त्याचा चेहराच उतरला. त्यांची एक मासेमारी बोट इंजिन बंद पडून खाडीवाल्यांच्या हद्दीत वाहत गेली होती. बोटीवर सहा माणसं, प्यायचं पाणी संपत आलेलं.

अशा वेळी करायचं ते 'सर्च अँड रेस्क्यू', म्हणजे शोधा आणि वाचवा. पद्धत अशी की यांच्या नौदलाने यांच्या परराष्ट्र खात्याला कळवायचं, खात्याने वकिलातीला, वकिलातीने पलीकडच्या खात्याला आणि त्यांनी त्यांच्या नौदलाला. माणूस बुडायला एवढा वेळ लागत नाही.

कॅप्टन फोन करायला उठू लागला. बापूकाका भाताचं पातेलं घेऊन आडवे आले. "बसा! पंगत उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही!"

मी मध्ये पडायला धावलो, पण त्याआधीच तो मुकाट्याने खाली बसला होता. युद्धनौका चालवणारा माणूस!

"काय झालं?" शेजारून खाडीवाल्या कॅप्टनने विचारलं. तो त्याच्याशी प्रथमच बोलत होता.

बेटवाल्याने फोनच त्याच्यापुढे धरला.

"आमची गस्ती नौका जवळच आहे," खाडीवाला म्हणाला. उजवा हात वरणाने माखलेला. त्याने डाव्या हाताने फोन काढून बोटीचं लोकेशन आपल्या ऑपरेशन्स रूमला पाठवलं.

साहेब माझ्या कानाशी फुसफुसले, "हे प्रोटोकॉलमध्ये चालतं का?"

"सर, मठ्ठा घ्या."

मठ्ठा संपायच्या आत नौका वळली होती. संध्याकाळी सहाही जण जिवंत सापडले. निरोप आला तेव्हा बेटवाला कॅप्टन सगळ्यांसमोर रडला. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू?

साहेबांनी रिपोर्टमध्ये सगळं श्रेय 'सुनियोजित आसनव्यवस्थे'ला दिलं. बेटवाल्यांची रीतसर विनंती खाडीवाल्यांच्या नौदलाकडे पोचली, तोवर ते सहाजण घरी जाऊन पुन्हा मासेमारीला निघालेही होते. करार असायला हवेतच. पण बुडणाऱ्याच्या कामी शेजाऱ्याचा फोन येतो, आणि त्यासाठी आधी शेजाऱ्याच्या शेजारी बसावं लागतं.