चाकं सरळ होईस्तोवर

मुसाभाय माणूस देव, पण हट्टी. रोह्यात आमची भिंतीला भिंत, म्हणून हक्कानं बोलते. उभा जन्म कंपनीतल्या साहेबांच्या गाड्या चालवल्या आणि चौऱ्याण्णव साली स्वतःची जुनी अँबॅसिडर घेतली. मग काय, सकाळ-संध्याकाळ तिलाच पुसत बसायचा. मी हौसा, तोंडाची फटकळ. म्हणायची, "मुसाभाय, कधी बायकोकडं पण बघा." फरझाना पदर तोंडाला लावून हसायची. मूलबाळ नाय, दोघंच एकमेकांना.

पुढच्या साली तिच्या हाडांत रोग शिरला. मुंबईच्या डॉक्टरांनी हात टेकले. तिचं एकच मागणं उरलं, गडबला माहेरी जायचं. तिथं तिची आंधळी आई. आईलाच इथं आणतो म्हटलं तर फरझाना नको म्हणायची. "आईच्या चुलीपाशी बसून तिच्या हातची भाकरी खायचीय गो, हौसा. एकदाच."

गडब काय लांब नाय. पण मुसाभायनं तिला गाडीत घातलं आणि निडीच्या पुढं खड्ड्यांत गाडी अशी आपटली, की ती कळवळली. माघारी आणावी लागली. त्याच दिवशी गाडी केरू मेकॅनिकच्या दारात. पुढच्या सस्पेन्शनचे जॉइंट, रबरी बुश, सगळं नवं घातलं.

मी म्हटलं, आता न्या. तर नाय. सस्पेन्शन खोललं की चाकं तिरकी होतात म्हणे, अलाइनमेंट केल्याबिगर निघायचं नाय. केरू म्हणाला, "भाय, हळू चालवा. आधी गडबला जाऊन या, मग करू."

"स्टेअरिंग डावीकडं ओढतंय. मागं ती पडलेली असताना मी गाडीशी झुंजत बसू?"

खोटं नव्हतं ते. तरणा होता तेव्हा अशाच ओढणाऱ्या गाडीनं त्याला वडखळजवळ खाडीत उतरवलं होतं. पण घरातलं माणूस घटका मोजतंय, तेव्हा चाकांचं काय घेऊन बसायचं?

अलाइनमेंटचं मशीन पेणला. आणि पेणची वाट गडबवरनंच. म्हटलं, "मग हिला वाटेत आईकडं सोडा नि पुढं जा."

"चाकं सरळ होईस्तोवर ती या गाडीत बसायची नाय," म्हणाला आणि सकाळीच रिकामी गाडी घेऊन गेला. जाताना सासूच्या दारात थांबून सांगितलं, संध्याकाळी तिला घेऊन येतो.

दुपारी फरझानानं पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. "गाडी आली?" तिनं विचारलं. "येतेय," म्हटलं. पुढचा चमचा ओठांशी नेला, तर पाणी बाहेरच ओघळलं.

मुसाभाय आला तेव्हा आळीतल्या बायका जमल्या होत्या. त्यांच्याकडं न बघताच तो आत शिरला. "फरझाना, चल गो. बघ कशी सरळ पळते." मग त्याला दिसलं. मला त्याचा इतका राग आला होता, की दोन शब्द सुनवायचेच ठरवलं होतं. पण त्याचं तोंड बघितलं आणि मलाच रडू फुटलं.

माती व्हायच्या आधी फरझानाच्या म्हाताऱ्या आईला आणायला कुणीतरी जायला हवं होतं. दुसऱ्याला पाठवा, सगळे म्हणाले. ऐकतोय कुठला. त्याला एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी शेजारी बसले.

गडबला पोचलो. म्हातारी गाडीचा आवाज ऐकून भिंत चाचपत अंगणात आली, आतून भाकरीचा वास येत होता. आम्ही उतरायच्या आधीच तिनं मागचं दार उघडलं आणि वाकून सीटवर हात फिरवला.

"झोपलीस काय गो, बाय?" असं म्हणत हात आणखी आत घातला.

मुसाभाय स्टेअरिंग धरून तसाच बसला. शेवटी मीच उतरले आणि तिचा हात धरला.