डावीकडची कटकट

डावीकडे वळताना माझी गाडी पुढून कट-कट-कट वाजायची. सासरे तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. जन्मभर एसटी चालवलेला माणूस; माझ्या घरात येऊन मलाच हॉर्न द्यायचा. आमचं पटत नाही, आणि ते लपवायचे कष्ट दोघांनीही कधी घेतलेले नाहीत.

"उजवा जॉइंट गेलाय," ते मागच्या सीटवरून म्हणाले. "डावीकडं वळतानं सगळा भार उजव्या चाकावर येतोय की. एक्सलचा उजवा जॉइंट बदला, पावणं."

वाजतं डावीकडे वळताना आणि बिघडलंय उजवं? हा माणूस मला उलटं बोलायलाच जन्मलाय! मी तडक उचगावच्या गॅरेजात गेलो आणि मेकॅनिकशी भांडून डावा जॉइंट बदलून घेतला. घरी येऊन छाती काढून सांगितलं, "कटकट गेली, मामा."

"कुठं गेली? मी हितंच हाय की अजून."

दुसऱ्या दिवशी एकटाच गाडी घेऊन निघालो, तर डाव्या वळणाला पुन्हा कट-कट-कट.

नेमकं त्याच संध्याकाळी त्यांना पुण्याला मेहुण्याकडे धाडायचं होतं. एसटीत त्यांचे गुडघे दुमडत नाहीत, म्हणून रेल्वे. एकदा ते डब्यात बसले की घर माझं. तोवर तो आवाज त्यांच्या कानावर पडला नाही म्हणजे झालं. मी ठरवलं, स्टेशनपर्यंत डावीकडे वळायचंच नाही. तीन उजवी वळणं घेतली की एक डावं होतं, हे गणित मला फारच हुशारीचं वाटलं. पण उजवीकडे वळायचं म्हणजे समोरून येणाऱ्या अख्ख्या कोल्हापूरला आडवं जायचं. रिक्षावाल्यांनी माझ्या खानदानाची आपुलकीनं चौकशी केली.

"पावणं, ह्यो रंकाळा मगाशी बघिटला की आपण."

"जाताना शेवटचं दर्शन, मामा."

"शेवटचं कुणाचं? तुमचं का माझं?"

स्टेशनवर पोचलो तेव्हा फलाटावर एक हमाल आणि दोन कुत्री होती. गाडी गेली होती. पुढचं रिझर्वेशन मिळालं ते थेट पुढच्या आठवड्यातलं.

परतताना मी हट्ट सोडला. आमच्या गल्लीत शिरायला स्टिअरिंग डावीकडे पुरतं वळवलं. कट-कट-कट.

मागून खुशीत आवाज आला, "उजवा. सकाळी दोघंबी जाऊ गॅरेजात. आता काय, आठवडाभर मी हाय की हितंच."