मागच्या सीटवर कोणी बसत नाही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरात नाही, मित्रांत तर नाहीच. तसं बघितलं तर गोष्ट चार शब्दांची आहे. पण ते चार शब्द एकदम तोंडातून निघत नाहीत — थोडं लांबून यावं लागेल. याल ना सोबत?

आमची खोली नायगावच्या चाळीत. एक खोली, पाच माणसं. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी चौथीत होतो. त्यानंतर त्यांनी शिवडीच्या गोदामात गोणी उचलल्या, किती वर्षं ते मी मोजलं नाही. गोणी उचलणारा माणूस घरी आल्यावर लगेच बसत नाही, हे तुम्हाला माहीत आहे का? बाबा आधी दाराच्या चौकटीला धरून उभे राहायचे. मग भिंतीला पाठ लावून, सावकाश, इंच इंच खाली. आई तोवर बोलायची नाही. आम्हीही नाही. ते टेकले की मग घर पुन्हा बोलायला लागायचं.

त्या पाठीवर मी शिकलो. मेकॅनिकल इंजिनीअर झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर, आणि याचा मला अभिमान आहे. तो मी लपवत नाही, लपवायचं कारणही नाही. निकालाच्या दिवशी बाबांनी चाळीच्या दोन्ही मजल्यांवर स्वतः पेढे फिरवले होते. पण इंजिनीअर आहे हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढे जे झालं ते अडाणीपणातून झालं असं म्हणायची सोय मला नाही. स्प्रिंग किती कडक झाली की वर बसलेल्या माणसाला किती दणका बसतो — हे गणित मी परीक्षेत सोडवलं होतं. बरोबर सोडवलं होतं.

नोकरीत पाय रोवल्यावर मी गाडी घेतली. लहानशी, जुनी, पांढरी. चाळीसमोर लावली त्या दिवशी आईने तिला ओवाळलं आणि मागच्या सीटवर गोधडीची घडी ठेवली, बाबांच्या कमरेला म्हणून. दर रविवारी मी दोघांना प्रभादेवीला देवळात न्यायचो. बाबा मागे उजवीकडे बसायचे, काच खाली करून, कोपर बाहेर काढून. ओळखीचं कुणी दिसलं की हात वर. नाही दिसलं तरी कधी कधी हात वर.

ऑफिसात माझा एक मित्र होता, शिवाजी पार्कचा. चांगला मुलगा. एकदा माझ्या गाडीत बसला आणि पहिल्याच वळणावर हसत म्हणाला, तुझी गाडी वळणावर पलंगासारखी डुलते रे. मग मागे वळून बघितलं, आणि गोधडी बघून पुन्हा हसला. वाईट हेतूने नाही. पण दुसऱ्या दिवशी मी गोधडी डिकीत टाकली. आणि रात्रंदिवस माझ्या डोक्यात एकच — सस्पेन्शन. बुटक्या, कडक स्प्रिंगा. रुंद रिम, पातळ टायर. वळणावर गाडी रुळावर असल्यासारखी गेली पाहिजे.

लालबागला एका गल्लीत दळवी मिस्त्रींचं गॅरेज आहे. साठीच्या पुढचे, आमच्याच बाजूचे, कणकवलीकडले. त्यांची पद्धत अशी की कुठल्याही गाडीच्या स्प्रिंगांना हात लावायच्या आधी ते तीन गोष्टी विचारतात. चालवतो कोण? फिरते कुठे? मागे बसतं कोण? उत्तरं ऐकतात आणि मग सामान सांगतात. त्या दिवशी बाबाही माझ्याबरोबर आले होते. गाडी पहिल्यांदाच मोठ्या कामाला चाललीय, मी येतो, म्हणाले.

इथे मी थांबतोय, हे तुमच्या लक्षात आलं असेल. पुढचं आधी सांगतो, मग परत इथेच येतो — पळ काढणार नाही.

काम झालं. गाडी खरंच रुळावर असल्यासारखी जायला लागली. आणि मागच्या सीटवर प्रत्येक खड्डा थेट कमरेत जायला लागला. पुढच्या रविवारी मी आरशात बघितलं. बाबांनी वरचं हँडल धरलं होतं, आणि गतिरोधक यायच्या आधीच ते दोन्ही हातांवर अंग उचलून घेत होते. नायगाव ते प्रभादेवी रस्त्यातला एकूण एक उंचवटा त्यांनी दोन रविवारांत पाठ केला. तिसऱ्या रविवारी मी विचारलं, त्रास होतो का?

"गाडी बरी आसा, झिला," ते म्हणाले. "माझीच कंबर जुनी."

तेव्हा तरी खरं बोलायचं होतं ना? मी काय म्हणालो ऐका. म्हणालो, हल्ली सगळ्या गाड्या अशाच असतात, बाबा. बसायची सवय लागते हळूहळू.

त्यांनी ते खरं मानलं — निदान तसं दाखवलं. चाळीत कुणी विचारलं, कशी काय पोराची गाडी, तर सांगायचे, हल्लीच्या गाड्या कडकच असतात, मजबूत असतात. माझं खोटं ते माझं कौतुक म्हणून चाळभर वाटत फिरले.

त्या वर्षी गणपतीला गावी गाडीने जायचं, हे त्यांनी गाडी आली त्या दिवसापासून ठरवलं होतं. आयुष्यभर एसटीने, नाहीतर गर्दीत उभ्याने गेलेला माणूस. मुलाच्या गाडीतून दारात उतरायचं, एवढंच त्यांना हवं होतं. आणि निघायच्या आठवड्यात ते म्हणाले, मी आणि आई दोन दिवस आधी एसटीने पुढे होतो. गणपतीच्या वरची माटवी बांधायची आहे, घर झाडायचं आहे. तू मागून ये सावकाश.

माटवी दरवर्षी आमचे चुलते बांधतात.

मला कळलं होतं. आणि माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? सुटलो. हे मनात आलं. मी एकटा निघालो. घाटात एकामागून एक वळणं गाडीने अशी घेतली की स्टिअरिंगवर हात नुसता ठेवला होता. मला मजा आली. हे लिहायला जड जातंय, पण आली.

बाबा वाडीच्या तोंडाशी उभे होते. कधीपासून, कुणास ठाऊक. त्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि गाडीने त्रास नाही ना दिला, असं विचारलं. माझ्याआधी गाडीचीच चौकशी. तेवढ्यात शेजारचे आबा आले. मोठ्याने म्हणाले, "काय रे, झिलाची गाडी असताना तू एसटीन कित्याक इलंस?"

"माका गाडी लागता," बाबा म्हणाले.

त्यांना जन्मात कधी गाडी लागली नाही. आबांनी चेष्टा केली, गोणी उचलणाऱ्याला मोटार सोसत नाय म्हणून. सगळे हसले, बाबाही हसले. मी शेजारीच उभा होतो. किल्ली बोटात फिरवत.

आता गॅरेजमध्ये परत येतो. आलंच पाहिजे.

दळवी मिस्त्रींनी विचारलं, चालवतो कोण? मी. फिरते कुठे? शहरात, वर्षातून एकदा गावी. मग त्यांनी तिसरं विचारलं. आणि मला पक्कं ठाऊक होतं — आई-बाबा बसतात, बाबांची कंबर गेलेली आहे, असं म्हटलं की हा माणूस कडक स्प्रिंग लावणार नाही. मी म्हणालो,

"मागे कोणी बसत नाही."

बाबा तिथेच होते. गाडीच्या मागच्या बाजूला वाकून, स्वतःच्या रुमालाने नंबरप्लेट पुसत होते. चार पावलांवर. हात थांबला नाही त्यांचा. पुसत राहिले — फक्त हळू. मिस्त्री हो म्हणाले आणि मापं घ्यायला खाली बसले. बाबांनी रुमाल झटकला, घडी केली, खिशात ठेवला. म्हणाले, नाक्यावर थोडं काम आहे, मी चालत जातो घरी.

नाक्यावर काहीही काम नव्हतं.

त्यांनी ऐकलं नसेल, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगून बघितलं. ऐकलं होतं. माझ्याच घरातली दोन माणसं नाहीतच, असं मी बाबांसमोर म्हटलं, कशासाठी? एका वळणासाठी. आणि पुढचं सगळं, ती सवय, ती हल्लीची गाडी, त्या चार शब्दांना झाकायला.

दिवाळीनंतर मी पुन्हा गॅरेजात गेलो. मिस्त्रींना म्हटलं, मऊ करायची आहे. ते म्हणाले, नुसती मऊ केलीस तर होडीसारखी डोलेल आणि मागच्याला मळमळेल. वजन स्प्रिंग पेलते, पण तिचं उसळणं शॉकअप आवरतो, दोघांचं जमलं पाहिजे. रिम पुन्हा लहान घे, टायरला रबर जाड असू दे. आणि ज्यांना बसायचं आहे त्यांना घेऊन ये, त्यांना बसवल्याशिवाय मी हवा भरणार नाही.

मी दोघांना घेऊन गेलो. आई-बाबा मागे बसले. मिस्त्रींनी गाडीचा एकेक कोपरा दाबून सोडून बघितला. गाडी एकदा खाली गेली, वर आली, आणि थांबली. मग माझ्याकडे न बघताच त्यांनी जुनाच प्रश्न विचारला. मागे कोण बसतं?

"माझे आई-बाबा," मी म्हणालो.

बाबा खिडकीतून समोरच्या भिंतीकडे बघत होते. काच खाली होती.

गाडी आता वळणावर थोडी झुकते. रस्ता धरून ठेवते, पण झुकते. गोधडी डिकीतून काढून मी जागेवर ठेवली. माझ्या तोंडून खरं मात्र अजून निघालेलं नाही. यंदा गावी पोचलो तेव्हा आबांनी विचारलं, काय रे, गाडी लागली नाय? बाबा म्हणाले, सवय झाली. या वेळीही मी शेजारीच उभा होतो.

बाबा नायगावपासून मागच्या सीटवर बसून आले. माणगावच्या आधी थोडे झोपले. दारात गाडी थांबल्यावर कशालाही न धरता उतरले.