गणपतीच्या खिळ्यावर

गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मला मनातून आनंदच झाला होता. बावीस वर्षं दुकानात उभी राहिले, आता दीड महिना आडवं पडून बघू, असं वाटलं. पडून राहणंसुद्धा एक काम आहे आणि ते मला अजिबात जमत नाही, हे दुसऱ्याच दिवशी कळलं.

आर्वीत माझं मॅचिंग सेंटर आहे. साडी तुम्ही कुठूनही घ्या, तिच्या रंगाचा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, परकर माझ्याकडे मिळतो. एका भिंतीला खालपासून छतापर्यंत नुसते रंग लावलेले आहेत. राणी, डाळिंबी, आमसुली, अबोली, मोरपंखी, चिंतामणी. दारातून आत आलेली बाई आधी त्या भिंतीकडे बघत उभी राहते आणि आपण कशाला आलो होतो ते क्षणभर विसरते. तो क्षण मला फार आवडतो. माल विकला जावो न जावो, त्या क्षणाची मालकीण मी असते.

दवाखान्यात जाण्याच्या आदल्या दिवशी मी दुकानात कॅमेरा बसवून घेतला. वर्ध्याहून माणूस आला होता. त्याने चहू बाजूंनी पाहिलं आणि सांगितलं की पूर्ण काउंटर दिसायचं असेल तर जागा एकच, समोरच्या भिंतीवर, गणपतीच्या फोटोची. तिथे खिळा होता, बाजूला लाइटचा पॉइंट होता. केळझरहून आणलेला तो फोटो दुकान उघडलं त्या दिवसापासून तिथेच होता. मी घाईत होते. म्हटलं, फोटो काढून ठेवा, नंतर बघू. फोटो कापडात गुंडाळून खालच्या खणात गेला आणि त्याच्या खिळ्यावर एक पांढरा डोळा बसला.

दुकानात मी आणि बाई, अशा दोघीच. बाई रोहण्याहून एसटीने येते. घरची भाजीची वाडी आहे, त्यामुळे पिशवीत माझ्यासाठी कधी मेथीची जुडी असते, कधी चार वांगी. मी तिला बाई म्हणते, ती मला वैनी. अठरा वर्षांत दोघींनी एकमेकींचं नाव घेतल्याचं मला आठवत नाही. रंगाच्या बाबतीत तिचा हात कोणी धरू शकत नाही. एकदा एक गिऱ्हाईक साडी घरी विसरून आली होती. बाईने तिला नुसतं बोलतं केलं आणि गठ्ठ्यातून एक पीस ओढून दिला. मी म्हटलं, आमसुली पाहिजे नं तिला, हा कोणता दिलास? तर म्हणाली, "हा आमसुली नाई वैनी, आमसुलीचा लायना भाऊ हाय." दुसऱ्या दिवशी ती गिऱ्हाईक साडी नेसूनच दाखवायला आली.

कॅमेऱ्याबद्दल मी बाईला एवढंच सांगितलं की चोरीमारी होऊ नये म्हणून लावला. त्यातून आवाजही येतो हे त्या माणसाने मला सांगितलं होतं. मी तिला ते सांगितलं नाही. लपवलं असंही नाही, म्हणजे तेव्हा मला तसं वाटत नव्हतं.

मग सुरू झाल्या त्या दुपारच्या वेळा. नवरा शेतावर गेलेला असायचा, घरात पंख्याचा आवाज आणि मी. दुखण्याची गोळी घेतली की अंग हलकं व्हायचं. फोन पोटावर ठेवून मी दुकान बघायची. श्वास घेतला की दुकान वर यायचं, सोडला की खाली जायचं. बाई कापड उलगडतेय, घडी घालतेय, कात्री चालवतेय, सगळं मुकं, संथ. डोळे मिटले तरी रंग चालूच राहायचे. मोरपंखी हळूहळू चिंतामणीत उतरायचा, चिंतामणी बैंगणीत, आणि मी त्या भिंतीत कुठेतरी घडी होऊन पडलेली असायची. इतकी गाढ, गोड झोप मला बावीस वर्षांत लागली नव्हती.

पण माझा स्वभाव मुळात संशयी. चार दिवस बघून झालं आणि माझ्या लक्षात आलं की बाई फार वेळा काउंटर सोडते. गिऱ्हाईक आलं की साडी उचलते आणि सरळ दाराबाहेर. कॅमेऱ्याला दारापलीकडचं दिसत नाही. दोन मिनिटं, चार मिनिटं, काउंटर रिकामं. रिकाम्या काउंटरकडे बघून माझ्या डोक्यात काय काय आलं ते सांगायची मला आज लाज वाटते. समोरच्या रांगेत नवीन मॅचिंगवाला आला होता ना, गिऱ्हाईक तिकडे तर पोचवत नसेल?

मी फोन लावला. "बाई, घडीघडी बाहेर काऊन जाऊन राह्यली तू?"

ती दचकली. पडद्यावर मला तिचं दचकणं दिसलं, आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. "तुमाले कसं समजलं?" म्हणाली. मग, "उन्हात पाहून घेतो जी रंग. ट्यूबमंदे खरा नाई दिसत."

आमच्या धंद्यात रंग उन्हात बघतातच. पण इतक्यांदा नाही. मी फटकारून सांगितलं की नवे लाइट चांगले आहेत, काउंटर सोडू नको. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर ती दाराबाहेर गेली नाही. पण त्याच आठवड्यात दोन बायका पीस बदलून मागायला आल्या. एकीची साडी गर्द निळी होती आणि बाईने तिला काळा पीस दिला होता. अठरा वर्षांत असं झालं नव्हतं. मी मनात म्हटलं, रागाने करते आहे.

त्यातच बाईचं एक सकाळचं वागणं माझ्या नजरेत आलं. शटर उघडून, झाडून झालं की बाई कॅमेऱ्यासमोर यायची, अगदी जवळ, आणि हात जोडायची. चेहरा सगळा पडदा व्यापायचा. ओठ हलायचे. मग दोन्ही कानांना बोटं लावून ती कामाला लागायची. मला वाटलं, ही मला चिडवते आहे. मालकीणबाई, घ्या नमस्कार!

पुण्याला असलेल्या लेकीला मी तावातावाने हे सांगितलं. ती कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे आणि तिकडे तर म्हणे खुर्चीतून किती वेळ उठलात तेही मोजतात. ती हसली. म्हणाली, "आवाज चालू करून बघ की, काय बोलते ते. पण आई, तू तिला आवाजाचं सांगितलं आहेस ना?" मी हूं म्हटलं. हूंचा अर्थ दोन्ही होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पडद्यावरचा तो छोटा कर्णा दाबला. आधी एसटीचा हॉर्न आला, कोणीतरी पाणी शिंपडल्याचा आवाज आला. मग बाई जवळ आली, थेट माझ्या डोळ्यांत बघत.

"बाप्पा, वैनीचा गुडघा लवकर बरा कर. तिले दुकानात येऊ दे. माया घरच्याइले सुखाचं ठेव. अन् डोयाचं तं तुले ठाऊकच हाय. निया अन् काया एकच दिसून राह्यला मले. येवढं वैनीच्या कानावर जाऊ देऊ नोको बाप्पा. रंगच नाई समजले तं मले काऊन ठेवन कोनी? वैनीची निगा राखजो."

आणि कानांना बोटं लावून ती गेली.

निळा आणि काळा तिला एकच दिसत होता, म्हणून ती घडीघडी उन्हात जात होती. फोटो काढला तरी जागा गणपतीची, हे मी कसं विसरले होते? तिने खिळ्याला हात जोडले होते. खिळ्यावर मी होते.

त्या दुपारी स्वप्न पडलं. मी भिंतीवर टांगलेली आहे, गळ्यात सुकलेला हार आहे, आणि गावातल्या बायका एकेक करून माझ्यासमोर येऊन आपापलं सांगताहेत. मला मान वळवता येत नाही. कान झाकावेत तर हात नाहीत. जागी झाले तेव्हा फोन पोटावर तसाच चालू होता आणि बाई आमसुली पीस डोळ्यांजवळ नेऊन बघत होती.

इथे मला एक कबूल करायचं आहे. मी दुसऱ्या दिवशीही ऐकलं. तिसऱ्या दिवशीही. सवय लागल्यासारखं रोज ऐकलं. माझा गुडघा रोज पहिला असायचा, तिचे डोळे शेवटी. माझ्यासाठी इतक्या नेमाने कोणी काही मागितल्याचं मला ठाऊक नाही, आणि ते ऐकायची मला गोडी लागली होती.

शेजारचे वकील तब्येतीची चौकशी करायला आले, तेव्हा सहज विचारल्यासारखं मी विचारलं. ते म्हणाले, "दुकान तुमचं, कॅमेरा तुमचा. दिसेल असा बोर्ड लावा. आवाजाचं मात्र जपून. माणसाला न सांगता त्याचं बोलणं ऐकणं बरं नाही, उद्या अंगाशी येऊ शकतं." मी बोर्डाचं तेवढं घेतलं आणि आवाजाचं चहाबरोबर जाऊ दिलं. नवऱ्याकडून तयार पाटी आणवली आणि दुकानात पाठवली. बाईने स्वतःच्या हाताने ती काचेवर चिकटवली आणि मला फोन केला.

"वैनी, हे 'आपण कॅमेऱ्याच्या निगराणीखाली आहात' असं लिवलं हाय. निगरानी म्हंजे निगा राखनंच नं?"

"हो," मी म्हटलं.

लेक मात्र पुण्याहून एवढंच म्हणाली, "आई, आमच्याकडे निदान सही तरी घेतात. पाटीवर आवाजाचं लिहिलंय का?" नव्हतं लिहिलेलं. आठ दिवस मी तिचा फोन टाळला.

काठी घेऊन दुकानात जायला लागले तेव्हा मी माझ्या परीने एक युक्ती काढली. बाईला म्हटलं, "मले डोये दाखवाले वर्ध्याले जाच हाय, संग चाल." तिथे गेल्यावर म्हटलं, आलीच आहेस तर तुझेही दाखव. ती नाही नाही म्हणत बसली, मी ढकललं. मोतीबिंदू निघाला. डॉक्टर म्हणाले, घाबरायचं कारण नाही, ऑपरेशन केलं की रंग पुन्हा नीट दिसतील.

परतताना एसटीत बाई खिडकीशी बसली होती. बाहेर कपाशीची शेतं मागे जात होती आणि ती पदराने डोळे पुसत हसत होती. "बाप्पानं आयकलं वैनी," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "तुमाले काय सांगू, बाप्पानं आयकलं." काही न बोलता हे इथेच संपवता आलं असतं. ती खूश, तिचे डोळे बरे, मी भली. पण प्रत्येक वेळी ती बाप्पा म्हणाली की मला माझ्याच नावाने हाक मारल्यासारखं व्हायचं, आणि ते मला सहन होईना.

दुकान उघडलं आणि तिने आत पाऊल टाकताच त्या खिळ्याकडे बघून हात जोडले. मी म्हटलं, "बाप्पानं नाई आयकलं बाई. मी आयकलं. त्या कॅमेऱ्यातून आवाज येते. मी तुले सांगतलं नाई."

तिचे हात जोडलेलेच राहिले. "कवापासून?"

"पंधरा-वीस दिस झाले."

"रोज?"

"रोज."

ती स्टुलावर बसली. मी घाईघाईने म्हटलं की तुला कोणी काढत नाही, दिसो न दिसो, हे दुकान तुझंच आहे. तिने मान हलवली. "ते तुमी चांगल्या म्हून म्हनून राह्यल्या. पन मी बाप्पाले मांगतलं होतं वैनी, तुमाले नाई." मग ती काचेवरच्या पाटीकडे बघत राहिली. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

"मंग बाप्पाले तं काईच पोचलं नाई," ती हळूच म्हणाली. "सारं मंधातच थांबलं, तुमच्यापाशी."

मला रडू आलं, आणि ते तिच्यासमोर आलं याचीही लाज वाटली.

त्याच आठवड्यात कॅमेरा शटरच्या वर गेला. आता त्याला फक्त दार दिसतं आणि आवाज बंद आहे. तो कसा बंद करायचा आणि बंद आहे हे कसं ओळखायचं, ते मी बाईला तिच्या हाताने करायला लावून दाखवलं. पाटीवर काय लिहिलंय तेही नीट सांगितलं. खणातला फोटो काढून, पुसून, मी त्याच खिळ्यावर लावला.

बाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. निळा तिला पुन्हा निळा दिसतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघी रंगांच्या भिंतीला टेकून बसतो आणि उन्हाचा पट्टा अबोलीवरून डाळिंबीवर सरकताना बघतो. ती माझ्याशी पूर्वीसारखीच बोलते. भाजीही आणते.

सकाळी झाडून झालं की ती फोटोसमोर उभी राहते आणि हात जोडते. मी काउंटरशी, हातभर अंतरावर असते. आता ती ओठ मिटून बोलते. माझा गुडघा अजून त्यात आहे की नाही, ते कळायला मला काही मार्ग नाही.